वकिली सोडायची म्हणतेस तर

सातारा

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

वकिली सोडायचा विचार तू आधी आईच्या कानावर घातलास. बाबांना वाईट वाटेल म्हणून मला सांगायचं टाळलंस, हे कळलं. वाईट वाटलं खरं, पण ते एवढ्यासाठी की मनाविरुद्ध रोज कोर्टात जात होतीस आणि आम्हाला पत्ता लागू दिला नाहीस.

कारकुनापासून अधीक्षकापर्यंत माझी सगळी नोकरी न्यायालयात गेली. ज्याला उलटतपासाला उभं राहताना उत्साह येतो, त्याने कोर्टात राहावं. तुझ्या कैफियती मी वाचल्या आहेत. मुद्दा स्वच्छ मांडणं आणि घाबरलेल्या पक्षकाराला त्याचंच प्रकरण समजावून सांगणं, हे तुझं बळ आहे. बोर्डावर नाव पुकारायची वाट बघत दिवस काढायचा आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परतायचं, यात ते बळ वाया जातं.

एक मात्र कर, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, परत करू नकोस. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिली करताना पूर्ण वेळ पगारी नोकरी चालत नाही. नोकरी धरलीस की महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला कळवायचं आणि सनद स्थगित करून घ्यायची. पुढे नोकरी सुटली, तर ती पुन्हा सुरू करता येते. पुष्कळ मुलं एक तर न कळवता नोकरी करतात, नाही तर सगळे दोर कापून मोकळी होतात. तुला यातलं काहीच करायची गरज नाही.

न्यायाधीशाच्या परीक्षेचं तुझी आत्या नक्की काढेल. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली, आणि तुझी सहा झाली आहेत. पण मला ऐकायला बरं वाटेल म्हणून तो अभ्यास धरू नकोस. बँकेत विधी अधिकारी व्हायचं असेल तर मात्र लगेच ठरव. बँकभरती करणाऱ्या आयबीपीएस संस्थेच्या त्या परीक्षेला खुल्या गटाची वयोमर्यादा तीस आहे आणि तुला एकोणतिसावं चालू आहे.

शिकवणं तुला जमेल. १९७९ च्या नियमांप्रमाणे दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवायला वकिली सोडावी लागत नाही, त्यामुळे आधी करून बघता येईल. भाषांतराचंही काम आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ मुळे उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं आणि आपल्याकडचे जबाब, खरेदीखतं, फेरफार सगळे मराठीत. दोन्ही भाषा आणि कायदा जाणणारं माणूस सहज मिळत नाही.

पण मला मनापासून वाटतं, तू मध्यस्थीकडे वळावंस. सख्खे भाऊ वाटपाच्या दाव्यात म्हातारे झालेले मी पाहिले आहेत. निकाल लागला की अपील, आणि तोवर बांधावरून एकमेकांकडे बघणंही बंद. त्यातल्या कितीतरी जणांना कोणीतरी समोरासमोर बसवून नीट ऐकून घेतलं असतं, तर आधीच मिटलं असतं. मध्यस्थाला चाळीस तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि २०२३ पासून मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाही आहे. निव्वळ त्यावर घर चालेल असं मी म्हणणार नाही. जोडीला कंपन्यांच्या अंतर्गत समित्यांचं काम घेता येईल. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अशी समिती लागते आणि तिच्यात एक सदस्य बाहेरचा असावा लागतो. ऐकून घेणं आणि काळजीपूर्वक लिहिणं, दोन्ही तिथे लागतं.

आत्या म्हणेल, शिक्षण फुकट गेलं. टिळकांनी एलएल.बी. होऊन वकिली केली नाही. शाळा काढली, पुढे कायद्याचे वर्ग चालवले. न. चिं. केळकर इथे साताऱ्यातच वकिली करत होते. १८९६ मध्ये ती सोडून पुण्याला टिळकांकडे गेले आणि 'मराठा' या इंग्रजी साप्ताहिकाचे संपादक झाले. मुद्दा बांधायची वकिलाची सवय त्यांना अग्रलेखात उपयोगी पडली असणार, असं मला नेहमी वाटतं.

पैशाचं सांगतो. वर्षभर तुझं घरभाडं आम्ही देऊ. आईशी बोलणं झालं आहे, तेव्हा यावर वाद घालू नकोस. पहिली मिळेल ती नोकरी घाईने धरावी लागू नये, एवढ्यासाठी ते आहे.

आता चालू प्रकरणांची यादी कर. पक्षकाराला पुरेसा आधी निरोप दे, दुसरा वकील बघायला वेळ दे, न केलेल्या कामाची फी परत कर आणि मगच वकीलपत्र काढून घे. त्या वाटपाच्या दाव्यातल्या आजींचा पुरावा सुरू आहे ना? तो संपेपर्यंत तू त्यांच्यासाठी उभी राहावंस असं मला वाटतं. मध्येच नवा माणूस आला तर त्या गोंधळून जातील. त्यानंतर बार कौन्सिलचा अर्ज भर. पाठवण्याआधी मला दाखव, म्हणजे काही राहिलं असेल तर सांगतो.

तुझे,
बाबा