फोनच्या किमतीखाली त्याची एक्स्पायरी बी छापा

संपादक साहेब,
नमस्कार.

दिवाळीच्या आधी तुमच्या पेपरात आयफोन घ्यावा का अँड्रॉइड यावर पानभर आलं होतं. मी ते सगळं वाचलं, कारण माझं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे घाटंजी तालुक्यात, बाजाराच्या गावाले, आणि गिऱ्हाईक तेच विचारत येते. लेख वाईट होता असं नाही पण तो वाचून वाटते का माणूस फोन फक्त रात्रीच्या चांदण्याचा फोटो काढाले नि गेम खेळालेच घेते. कॅमेऱ्यावर चार रकाने आणि हा फोन किती साल चालंन यावर एक ओळ नाही, म्हणून हे पत्र लिहून राह्यलो.

आमच्या इकडं फोन कशाले लागते ते आधी पाहा. ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावरची पिकाची नोंद, २०२१ पासून मोबाईलवर आली, शेतात जाऊन पिकाचा फोटो काढा लागते, घरी खाटेवर बसून जमत नाही कारण ते अ‍ॅप जीपीएसनं जागा पाह्यते. सीसीआयनं (कापूस घेणारं सरकारी महामंडळ) २०२५ च्या हंगामात हमीभावाच्या कापसाची नोंदणी कपास किसान अ‍ॅपवर नेली, लांब धाग्याचे त्या साली क्विंटलले ८११० रुपये पाह्यजे असले त आधार, सातबारा, स्लॉट सगळं तिथंच. पीएम किसानचं केवायसी आता चेहरा दाखवून बी होते आणि ते बरंच झालं म्हणा, कारण कापूस वेचून वेचून आमच्या बायकायच्या बोटायच्या रेषा अशा घासल्या राह्यते का फोनचा अंगठ्याचा लॉक बी उघडत नाही, दहा वेळा बोट पुसते आणि शेवटी पोरगं येऊन पॅटर्न टाकून देते. म्हणजे फोन बिघडला का घरातलं शेतीचंच काम अडते, नुसती करमणूक नाही.

नोव्हेंबर-डिसेंबरात माह्या टेबलावर काय येते ते सांगतो. घरात कापूस भरलेला, पाय ठेवाले जागा नाही, आणि काकाजी फोन पुढं ठेवून म्हणते भाऊ हे अ‍ॅप काहून उघडत नाही बाप्पा, पांढरं येते नि बंद होते. फोन पाह्यला त २०१८ चा, अँड्रॉइड आठवर अडकलेला, कंपनीनं अपडेट देणं कवाच सोडलं, वरून ३२ जीबीच्या मेमरीत गुड मॉर्निंगची फुलं ठासून भरली. काच शाबूत, बॅटरी ठीक, कॅमेरा ठीक. फोन मेला नाही, आतली सिस्टीम म्हातारी झाली. याले पाना-पेचकस चालत नाही आणि माह्यापाशी त्याचा काही इलाज नाही.

आता आयफोन का अँड्रॉइड. आपल्या देशात शंभरातले नव्वदच्या वर फोन अँड्रॉइड आहे, खेड्यात त त्याहून जास्त असंन, म्हणून ही लढाई आमच्यासाठी तशी लागतच नाही. पण पोट्टे विचारते, खास करून लग्नाचे, म्हणून जे माहीत आहे ते सांगतो.

आयफोनची एक गोष्ट मी मानतो, अपडेट. २०१९ च्या आयफोन अकराले २०२५ मध्ये आलेली आयओएस २६, म्हणजे आयफोनची सिस्टीम, भेटली, सहा साल झाले. दुसरी गोष्ट एपीके, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून येणारी अ‍ॅपची फाईल. गेल्या दोन सालात सगळ्यात जास्त रडारड मी यावरच पाह्यली. व्हॉट्सअपच्या गावातल्या ग्रुपवर पीएम किसानच्या नावानं नाही त लग्नपत्रिकेच्या नावानं एक फाईल येते, शेवटी एपीके लिहिलं राह्यते, पाठवणारा ओळखीचा कारण त्याचाच फोन आधी फसला. दाबली का ते अ‍ॅप बनून बसते, मॅसेज वाचाची परवानगी मागते, माणूस हो हो करत जाते, मंग बँकेचा ओटीपी परस्पर चोरापाशी. काढाले गेलं त काढू देत नाही, सेफ मोडमध्ये टाकून आधी अ‍ॅडमिनच्या यादीतून त्याचं नाव उडवा लागते तवा कुठं निघते, तोवर खातं साफ. आयफोनवर आपल्याकडं असं बाहेरचं अ‍ॅप सहजासहजी बसतच नाही. गुगलनं बी २०२५ मध्ये सांगितलं का बनवणाऱ्याची ओळख तपासल्याशिवाय बाहेरचं अ‍ॅप बसू देणार नाही, पण त्याची सुरुवात २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंड या देशात, आपला नंबर मागून.

पण म्हणून कोणी जुना आयफोन घ्याले धावू नका, तिथंच आमचे पोट्टे फसते. शहरातून सेकंडहँड आणते, आठ-दहा हजारात, मागं सफरचंद दिसलं का झालं. त्यात पहिल्या मालकाचा अ‍ॅपल आयडी अडकला असंन त तो फोन नाही, पेपरवेट आहे, मी काय कोणताच रिपेरिंगवाला उघडून देऊ शकत नाही. आणि आयडी निघाला तरी एक गंमत पाहा. आयफोन सहा आणि अँड्रॉइड पाच दोन्ही २०१४ चे. आयफोन सहा आयओएस बारावर थांबला, व्हॉट्सअपनं मे २०२५ पासून आयओएस १५.१ च्या खालचे फोन बंद केले म्हणून तो गेला, पण तवा अँड्रॉइड पाचवाल्याचं व्हॉट्सअप चालूच होतं! म्हणजे महाग म्हणून जास्त चालते हे बी सरसकट खरं नाही. आयफोनात नवीन अपडेट आलं त सगळं एकदम येते, ब्राउजरसकट, आणि बंद झालं त बहुतेक सगळंच थांबते. अँड्रॉइडात सिस्टीम जुनी राह्यली तरी प्ले स्टोअरमधून क्रोम नि गुगलचं बाकी सामान काही साल नवं होत राह्यते, म्हणून तो फोन रखडत का होईना चालते. फक्त आतले सुरक्षेचे भोकं बुजवाले कोणी येत नाही.

सिमचं बी तुमच्या लेखात नव्हतं. आमच्या घरी एका कंपनीची रेंज भेटते, वावरात दुसऱ्या कंपनीची. आपल्याकडच्या बहुतेक नव्या आयफोनात एक सिम खोबणीत बसते आणि दुसरं ई-सिम, म्हणजे फोनाच्या आतच राह्यते ते. ई-सिम काढून बटनाच्या फोनात टाकता येत नाही, आणि इथं फोन रिपेरिंगले दिला का सिम बटनाच्या फोनात टाकणं हे पह्यलं काम राह्यते.

आणि उन्हाचं त दोघायचं सारखंच. अ‍ॅपल स्वतः लिहिते का फोन शून्य ते ३५ डिग्रीत वापरा, सॅमसंग बी तेच सांगते. आमच्याकडं मे महिन्यात ३५ सकाळच्या चहाले राह्यते, दुपारी ४५. ट्रॅक्टरच्या बोनेटवर फोन ठेवून चार्जिंग करणाऱ्याले कोणतीच सिस्टीम वाचवत नाही.

तिसऱ्या सिस्टीमचं बी आम्ही भोगलं आहे. लुमियावाले विंडोज फोन चांगले मजबूत होते, आदळले तरी काही होत नव्हतं, पण २०१९ संपता संपता व्हॉट्सअपनं हात काढला आणि ते फोन खेळणे झाले. २०१७ मध्ये जिओफोन आला, त्यात कायओएस नावाची सिस्टीम, १५०० रुपये डिपॉझिटमध्ये गावोगाव गेला, पुढच्या साली व्हॉट्सअप बी आलं, म्हाताऱ्यायले बटनं होती म्हणून तो आवडला. २०२५ च्या सुरुवातीले त्याचं बी व्हॉट्सअप बंद. आता भारताची सिस्टीम भरओएस म्हणून आयआयटी मद्रासकडून जानेवारी २०२३ मध्ये दाखवली, चांगलंच आहे, पण माह्या काउंटरवर अजून एक बी आला नाही. अ‍ॅप बनवणारा ज्या सिस्टीमवर थांबते तिथंच आपल्याले थांबा लागते, इथं आपली आवड कोणी विचारत नाही.

मंग उरला प्रश्न अँड्रॉइडातला कोणता, आणि खरी फसवाफसवी इथं आहे. डब्यावर मोठ्या अक्षरात १६ जीबी रॅम. खालच्या बारीक अक्षरात पाहा, ८ खरी, ८ व्हर्च्युअल, म्हणजे आपल्याच मेमरीतली जागा उसनी घेऊन रॅम म्हणून दाखवली, तिचा वेग खऱ्या रॅमसारखा राह्यत नाही. मागं तीन कॅमेरे, त्यातला एक खरा, बाकीचे दोन बरेचदा २ मेगापिक्सेलचे शोभेले. आणि अपडेट किती साल हे डब्यावर बहुतेक नसतेच, दुकानदाराले बी माहीत नसते, तो म्हणते येत राह्यते ना साहेब. अंगणवाडीच्या बाया २०२१ मध्ये सरकारी मोबाईल परत कराले काहून निघाल्या होत्या आठवा, कमी रॅमचे फोन, पोषण ट्रॅकर अ‍ॅपचं ओझं पेलत नव्हते. तेव्हा तुम्ही पेपरवाल्यायनं छापलं होतं. तोच हिशेब साध्या गिऱ्हाईकाले बी लागू आहे.

सरळ गणित सांगतो. ९ हजाराचा फोन दोन साल अपडेट देत असंन त सालाचे साडेचार हजार पडले. १८ हजाराचा सहा साल देत असंन त सालाचे तीनच. सॅमसंगनं २०२४ मध्ये ए१६ फाइव्हजीले सहा साल सांगितले, तो काही लाखाचा फोन नाही, म्हणजे कंपनीनं मनावर घेतलं त जमते. आता कोणी म्हणंन का १८ हजार एकदम कुठून आणाचे, ते बी खरंच आहे, सोयाबीनचे पैसे आल्याआल्या कृषी केंद्राच्या उधारीत जाते, आणि हप्त्यावर घेतला त हप्ता थकला का फोनच लॉक करून टाकते फायनान्सवाले. वरून सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरचा जीएसटी १२ चा ५ वर आणला, मोबाईलचा १८ चा १८ च ठेवला. जे अ‍ॅप सरकारच लावाले सांगते ते चालवाचं हत्यार चैनीचं कसं झालं हे मले त समजलं नाही.

फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर एक्स्पायरी छापावी लागते, फोनवर काहून नाही? युरोपात २० जून २०२५ पासून नियमच लागला, मॉडेल बाजारातून बंद झाल्यावर बी किमान पाच साल अपडेट द्या आणि सात साल सुटे भाग ठेवा. याच कंपन्या तिथं हे मानते. आपल्याकडं केंद्राच्या समितीनं मे २०२५ मध्ये फोन किती दुरुस्त होण्यासारखा आहे त्याचे मार्क ठरवाचा अहवाल दिला, ते मार्क अजून माह्या दुकानातल्या एकाही डब्यावर दिसले नाही.

म्हणून विनंती एवढीच का पुढच्या वेळी फोनची तुलना छापाल तवा किमतीच्या खाली लिहा, अपडेट कोणत्या महिन्यापर्यंत, खरी रॅम किती, आणि सर्व्हिस सेंटर यवतमाळले आहे का त्यासाठी नागपूरच गाठा लागते. तोवर वाचकायनं आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये अबाउट फोनमध्ये जाऊन सिक्युरिटी अपडेटची तारीख पाहावी, अँड्रॉइड व्हर्जनवर दाबलं का बहुतेक फोनात दिसते. ती दोन सालाच्या मागची असंन त त्या फोनवर बँकेचं अ‍ॅप ठेवू नका, घरात दुसऱ्या कोणाचा नवा फोन असंन त त्यावर टाका.

आपला,
एक मोबाईल रिपेरिंगवाला
ता. घाटंजी, जि. यवतमाळ