शिखांचा इतिहास १८४९ मध्ये थांबत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला शीख इतिहासावरचा लेख मन लावून वाचला. गुरू नानकांपासून महाराजा रणजितसिंहांपर्यंतची कहाणी त्यात चांगली आली आहे. मात्र १८४९ साली इंग्रजांनी पंजाब घेतला आणि लेखही तिथेच संपला. शिखांबद्दल मराठीत जे काही वाचायला मिळते ते बहुधा इथेच येऊन थांबते, म्हणून हे पत्र.

मी नांदेडचा. गुरू गोविंदसिंहांनी १७०८ साली आमच्या गावी देह ठेवला. माझ्यामागे माणूस गुरू नाही, ग्रंथच गुरू, असे त्यांनी सांगितले ते इथेच. ज्या समाजाने ग्रंथाला गुरू मानले, त्याचा इतिहास लढायांवर कसा संपेल? तलवार खाली ठेवावी लागल्यावर त्याच्या भाषेचे आणि पुस्तकांचे काय झाले, हेही सांगायला हवे.

ही पंजाबी भाषा सुखात वाढलेली नाही. गुरुमुखी लिपीला दुसरे गुरू अंगददेव यांनी घडी घालून दिली. १६०४ साली आदिग्रंथ सिद्ध झाला. त्यात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत, शेख फरीदांची वाणीही आहे. पण लाहोरला शीख महाराजा गादीवर असतानाही दरबाराचे कागद फारसीतच लिहिले जात. शीख पंडित मोठे ग्रंथ रचत ते गुरुमुखी लिपीत, पण ब्रज भाषेत. इंग्रज आले आणि त्यांनी कचेऱ्यांत, शाळांत उर्दू आणली. पंजाबी घरात, शेतात आणि गाण्यात तेवढी राहिली.

१८७३ साली अमृतसरच्या मिशन शाळेतल्या चार शीख मुलांनी ख्रिस्ती होण्याचा मनोदय जाहीर केला आणि समाज हादरला. त्याच वर्षी अमृतसरला सिंह सभा ही शीख धर्मसुधारणेची संस्था स्थापन झाली. आपल्याकडे त्याच वर्षी पुण्यात सत्यशोधक समाज उभा राहिला. दोन्हींची वाट वेगळी, पण तो काळच समाजाने स्वतःकडे नव्याने बघण्याचा होता.

या चळवळीतून पुढे आलेले भाई वीरसिंह (१८७२–१९५७) मराठी वाचकाला जवळजवळ अपरिचित आहेत, याचे मला फार वाईट वाटते. अमृतसरच्या मिशन शाळेतच शिकलेला हा माणूस. मॅट्रिकला जिल्ह्यात पहिला आला. सरकारी नोकरी सहज मिळाली असती. त्याने छापखाना काढला. १८९९ मध्ये ‘खालसा समाचार’ हे साप्ताहिक सुरू केले. आदल्या वर्षी, १८९८ साली, त्याची ‘सुंदरी’ आली होती. पंजाबीतली पहिली कादंबरी म्हणून तिचेच नाव घेतात. अठराव्या शतकात शीख जत्थे जंगलांत राहून लढत होते त्या दिवसांची ही गोष्ट. मुघल अंमलदाराने पळवलेली मुलगी भावामुळे सुटते, अमृत घेते, म्हणजे खालसा पंथाची दीक्षा घेते, आणि त्या जत्थ्याबरोबरच राहते. आज वाचताना त्यातला प्रचार जाणवतो, व्यक्तिरेखा एकरंगी वाटतात, हे मी नाकारत नाही. पण ज्या भाषेला कचेरीत जागा नव्हती तिच्यात सलग गद्यात इतकी मोठी गोष्ट सांगता येते, हे या पुस्तकाने दाखवले. त्याच दशकात आपल्याकडे हरिभाऊ आपटे ‘करमणूक’मधून ‘उषःकाल’ लिहीत होते. राज्य गेलेल्या दोन समाजांना आपापल्या पूर्वजांची आठवण कादंबरीत मांडावीशी वाटली, आणि ती एकाच सुमारास. या योगायोगावर कुणी जाणकाराने लिहावे असे मला मनापासून वाटते.

पुढची पिढी पूर्वजांच्या पराक्रमावर थांबली नाही. नानकसिंह १३ एप्रिल १९१९ रोजी स्वतः जालियनवाला बागेत होते. ‘खूनी विसाखी’ ही त्यांची दीर्घ कविता १९२० मध्ये आली आणि सरकारने तिच्यावर बंदी घातली. पुढे गुरुद्वारांच्या ताब्यासाठी शिखांनी केलेल्या गुरू का बाग मोर्चात ते तुरुंगात गेले आणि नंतर पंजाबीतले सर्वाधिक वाचले जाणारे कादंबरीकार झाले. फाळणीत भाषाच दुभंगली: पलीकडे फारसी वळणाची लिपी, अलीकडे गुरुमुखी. त्या वेळी अमृता प्रीतम यांनी कबरीतून उठून बोल म्हणून हाक मारली ती वारिस शाहला, अठराव्या शतकातल्या ‘हीर’च्या कवीला. शीख घरातली कवयित्री मुसलमान कवीकडे दाद मागते. पंजाबी साहित्य म्हणजे फक्त शिखांचे साहित्य नव्हे, हे त्या एका कवितेतून कळते.

आणि गुरदियालसिंह! जैतो गावच्या सुतार घरातला मुलगा, लहानपणी स्वतः रंधा चालवलेला. त्यांची ‘मढी दा दीवा’ ही कादंबरी १९६४ साली आली. तिचा नायक जगसीर हा जाट जमीनदाराच्या शेतात राबणारा दलित गडी. लंगरात सगळे एका पंगतीत बसतात. शेताच्या बांधावर आणि लग्नाच्या सोयरिकीत मात्र जात सुटत नाही. हे सत्य पंजाबी कादंबरीने इतक्या शांतपणे त्याआधी क्वचितच सांगितले होते. १९९९ चे ज्ञानपीठ निर्मल वर्मा यांच्याबरोबर त्यांना मिळाले. दलित आत्मकथने वाचत मोठा झालेला मराठी वाचक जगसीरला लगेच ओळखेल.

२०१५ च्या एप्रिलमध्ये पंजाबातल्या घुमानला, जिथे नामदेव राहिले होते, ८८वे मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा मीही गेलो होतो. नामदेवांच्या नावाने तिथल्या लोकांनी आम्हाला जो जीव लावला तो विसरणे शक्य नाही. परतताना मात्र मनाला एक गोष्ट लागून राहिली. त्यांना आपले नामदेव तोंडपाठ, आणि मला त्यांच्या एकाही हयात लेखकाचे नाव सांगता येत नव्हते. निवृत्तीनंतर गुरुमुखीची पैंती, म्हणजे ३५ अक्षरे, गिरवायला बसलो ते त्यामुळेच. देवनागरी येणाऱ्याला ही लिपी काही आठवड्यांत वाचता येते, हा माझा अनुभव.

आपल्याला एकच विनंती आहे. याच पुरवणीत पंजाबी कथा-कवितांची थेट पंजाबीवरून केलेली मराठी भाषांतरे द्यावीत. माझ्या हाती आजवर जी आली ती बहुतेक हिंदीच्या वळणाने आलेली होती, आणि त्यात पंजाबीचा रांगडेपणा धुऊन निघतो. भाषांतर करणारे कुठून आणायचे, हा प्रश्न पडू नये. नांदेडला पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या शीख कुटुंबांतली मुले मराठी शाळांत शिकली आहेत आणि घरी रोज गुरुमुखी वाचतात. त्यांना विचारा. गरज पडली तर अशा चार-सहा जणांशी आपली गाठ घालून द्यायला मी आनंदाने तयार आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नांदेड