बीनपॉट सामन्यांबाबत सूचना
सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, बॉस्टन कॉलेज, बॉस्टन युनिव्हर्सिटी, हार्वर्ड आणि नॉर्थईस्टर्न या बॉस्टन परिसरातील चार विद्यापीठ संघांची पुरुषांची बीनपॉट आइस हॉकी स्पर्धा नेहमीप्रमाणे फेब्रुवारीच्या पहिल्या दोन सोमवारी बॉस्टनमधील टीडी गार्डन या क्रीडागृहात होणार असून, पहिल्या सोमवारी दोन्ही उपांत्य सामने, तर दुसऱ्या सोमवारी तिसऱ्या स्थानाचा व अंतिम सामना होईल. एकाच संध्याकाळी दोन सामने, त्यांत बरोबरी झाल्यास जादा वेळ, त्यामुळे परतायला उशीर होतो. म्हणून गाडी न आणता क्रीडागृहालगतच्या नॉर्थ स्टेशनपर्यंत रेल्वेने यावे आणि परतीच्या शेवटच्या रेल्वेची वेळ आधीच पाहून ठेवावी. हवामानाचा अंदाजही पाहावा, कारण १९७८ च्या हिमवादळात याच स्पर्धेचे प्रेक्षक तेव्हाच्या जुन्या बॉस्टन गार्डन क्रीडागृहात अडकून पडले होते. तिकिटांसाठी नावे १५ जानेवारीपर्यंत कळवावीत.