गोणपाट धुऊ नकोस

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "अण्णा, डोसा घरी रुळला," आणि मी क्षणभर गोंधळलो. करवानी कुत्र्याच्या पिल्लाचं नाव डोसा! तुझी आई अजून हसतेय. असो, नाव दोन अक्षरी आहे, हाकेला बरं. फोनवर तू "हो हो" म्हणत पुढे जातोस, म्हणून लिहायला बसलो.

वाघ्या आठवतो का तुला? तू तिसरीत असशील. आणला तेव्हा तो साडेचार महिन्यांचा होता, रानातल्या वस्तीवर वाढलेला, धन्याशिवाय फारसा माणूस न पाहिलेला. मी त्याला आणला तो थेट ओसरीच्या खांबाला साखळीने बांधला. राखणीचं कुत्रं बांधलेलंच बरं, अशी तेव्हाची समजूत. घरात मुतला की त्यात नाक घासायचं, भुंकला की वर्तमानपत्राची सुरळी. आणि मालक कोण ते कळावं म्हणून तो जेवत असताना ताटली ओढून घ्यायची. ही अक्कल मला कोणी शिकवली ते आठवत नाही, पण मी ती इमानाने पाळली. मग एका मे महिन्यात तुझ्या आत्याच्या मुलाचा चेंडू ताटलीपाशी गेला, पोर उचलायला वाकलं आणि वाघ्याने त्याचा हात धरला. पुढे टाके, रेबीजची इंजेक्शनं, आत्याचा अबोला. सगळी गल्ली म्हणाली, कुत्रं खुनशी निघालं. मीही म्हणालो.

खुनशी कसला? आयुष्यभर भेदरलेला होता बिचारा.

निवृत्तीनंतर एक प्रयोग वाचनात आला. अमेरिकेतल्या मेन राज्यात संशोधकांनी काही पिल्लं कुंपणाच्या आतल्या मोकळ्या रानात त्यांच्या आईजवळ वाढवली, माणसाचा संपर्क होऊ न देता. मग त्यांतली काही वेगवेगळ्या वयाला आठवडाभर माणसांत आणली. सातव्या आठवड्याच्या आसपास आलेली पिल्लं लवकर माणसाळली. चौदा आठवडे माणसाविना राहिलेली मात्र माणसाला बिचकतच राहिली. हे १९६१ साली छापून आलंय, आणि जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या मी ते वाघ्या गेल्यावर वाचलं!

डोसा आज साडेआठ आठवड्यांचा. तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदाव्यापर्यंत पिल्लाचं मन उघडं असतं. त्या काळात जे पाहिलं-ऐकलं ते पुढे ओळखीचं वाटतं, उरलेल्याची धास्ती. म्हणजे तुझ्या हातात जेमतेम पाच आठवडे. गोची अशी की लसींचा कोर्स सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतो. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे भटकी कुत्री फिरतात तिथे त्याला आत्ता जमिनीवर सोडायचं नाही. पण कडेवर घ्यायला कोणी अडवलंय? पहिली लस झालीच आहे. रोज दहा मिनिटं सोसायटीच्या फाटकाशी उभा राहा. रिक्षा, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत येणारे आजोबा, रेनकोट, कचऱ्याची गाडी, कुकरची शिट्टी, सगळं पाहू-ऐकू दे. पुढच्या आठवड्यात पालख्या पुण्यात येतील. गर्दीत घुसू नकोस. लांबच्या एखाद्या गच्चीवरून टाळ-मृदंग कानी पडू दे, आणि तेव्हाच उकडलेल्या अंड्याचा कण तोंडात. शेपूट पोटात गेली किंवा तुकडा घेईनासा झाला तर आणखी लांब सरक. भीती मोडायची म्हणून त्याला आवाजाजवळ नेऊन धरून ठेवलंस, तर भीती पक्की होईल. पालखीचं नीट जमलं तर गणपतीतला ढोल आणि दिवाळीतले फटाके त्याला सोपे जातील.

आता ताटली. तो जेवत असताना हात घालून काढून घेऊ नकोस. नुसता जवळून जा, आणि जाताना ताटलीत चिकनचा तुकडा टाक. चार दिवसांनी बघ, तुझी चाहूल लागली की तो मान वर करून शेपूट हलवेल, कारण माणूस जवळ येणं म्हणजे वाढ मिळणं. मी वाघ्याला बरोबर याच्या उलटं शिकवलं होतं.

करवानी जात हळवी. परक्याने अंगाला हात लावलेला तिला खपत नाही, म्हणून आत्तापासून सवय हवी. तो पेंगुळलेला असताना पंजा हातात घे, नखं चाचपून बघ, कान उलटा कर, ओठ वर करून दात बघ. एकेक गोष्ट दोन क्षण, मग खाऊ. पुढे डॉक्टरांकडे तुझी फजिती होणार नाही. त्याने अंग आक्रसलं तर तिथेच थांब. पाहुण्यांनाही सांग, आधी त्याला येऊ दे, मग हात.

मुतण्याचं फार मनावर घेऊ नकोस. दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तास धरतं, त्याहून जास्त नाही. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर ठरलेल्या जागी उचलून ने आणि झालं की तिथल्या तिथे शाबासकी. घरात झालं तर मुकाट्याने पूस. नाक घासून त्याला एवढंच कळतं की तुझ्यासमोर मुतायचं नाही, मग तो सोफ्यामागे जातो.

हात चावतो म्हणालास. खेळ थांबव, उठ, अर्धा मिनिट पाठ फिरव. चौथ्या महिन्यात दुधाचे दात पडायला लागले की आणखी चावेल, तेव्हा ओल्या फडक्याला गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवून दे. आणि आठव्या-नवव्या महिन्यात हा शिकवलेलं सगळं विसरल्यासारखा वागेल. तूही दहावीत तसाच होतास, आम्ही तुला साखळी घातली नाही.

एक लक्षात ठेव, हे नजरेने शिकार करणारं कुत्रं. मांजर पळालं की तुझी हाक कानात शिरणार नाही, म्हणून मोकळ्या रस्त्यावर पट्टा सोडायचा नाही. डोकं निमुळतं, साधा पट्टा सुळ्ळकन निघतो, तेव्हा छातीभोवती बसणारा हार्नेस घे. ऑफिसला दिवसभर जायच्या आधी एकटं राहायची सवय लाव: आधी एक मिनिट, मग पाच, मग पंधरा. पहिल्याच दिवशी नऊ तास नकोत.

आईने डब्यात बेदाणे दिले होते, ते वरच्या फळीवर ठेव. द्राक्षं, बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. आपण द्राक्षांच्या जिल्ह्यातले, म्हणून मुद्दाम लिहितो.

काल जतला जाऊन आलो. डोस्याची आई ज्या गोणपाटावर निजते त्याचा एक तुकडा धन्याकडून मागून घेतला. ओशाळल्यासारखं झालं, पण धनी काही बोलला नाही. रविवारी येतो तेव्हा आणतो. वास येईल, आईने आत्ताच नाक मुरडलंय. त्याच्या अंथरुणात घाल आणि धुऊ नकोस.

तुझा,
अण्णा