ऐकणारे नट

पुणे
४ जानेवारी २०२६

प्रिय मंद्या,

तुझं पत्र येऊन महिना उलटला आणि उत्तर आज लिहितोय. त्याबद्दल ज्या काही शिव्या द्यायच्या असतील त्या मनातल्या मनात देऊन घे आणि पुढे वाच. तू विचारलं होतंस, "रात्र रात्र जागून बघतोस तरी काय? त्यातलं मी काय बघू ते सांग. आणि गोष्ट सांगून वाट लावू नकोस." गोष्ट सांगत नाही. थोडी सांडेल, त्याला इलाज नाही. पण मला सांगायचंय ते नटांबद्दल.

आपली थर्ड इयरची एकांकिका आठवते? तू आजोबा, मी नातू. तुझं ते दीड पानाचं भाषण, आणि मी बाजूला मोडक्या स्टुलावर. अख्ख्या दीड पानात मला वाक्य एकच: "मग काय झालं, आजोबा?" निकालानंतर परीक्षक म्हणाले होते, "आजोबा छान. नातू मात्र ऐकत नव्हता, वाक्याची वाट बघत होता." खानावळीत तू हसून हसून आमटी सांडली होतीस. मला ते किती लागलं होतं हे तुला कधी बोललो नाही. कारण ते शंभर टक्के खरं होतं. तुझं शेवटचं वाक्य कधी येतंय एवढंच मी मोजत बसलो होतो. तू काय बोलतोस ते मला त्या प्रयोगात काय, एका तालमीतसुद्धा ऐकू आलं नव्हतं.

गेल्या वर्षी मालिकांमधलं जे जे मनात रुतून बसलं ते सगळं याच एका गोष्टीपाशी येऊन थांबतं. बोलणाऱ्यांची मला भुरळ पडेनाशी झालीय. ऐकणारा कोण आहे, ते बघतो.

सुरुवात 'अ‍ॅडोलेसन्स'पासून. ब्रिटिश मालिका, मार्चमध्ये आली, चारच भाग. इंग्लंडच्या उत्तरेकडचं साधंसं गाव, आणि तेरा वर्षांच्या जेमीला वर्गातल्या मुलीच्या खुनाच्या संशयावरून पहाटे पोलीस उचलून नेतात. एवढं तर पहिल्या पाच मिनिटांतच कळतं, तेव्हा ओरडू नकोस. प्रत्येक भाग सलग एका शॉटमध्ये घेतलाय. कॅमेरा एकदा सुरू झाला की तासाभराने बंद. मध्ये कात्री नाही. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या भागाचा दुसराच टेक ठेवला म्हणतात, आणि चौथ्याचा सोळावा. म्हणजे आपल्या नाटकाच्या प्रयोगासारखंच, फक्त प्रेक्षकांच्या जागी एक कॅमेरा, तोही माणसांच्या मागे पळणारा आणि या हातातून त्या हातात जाणारा.

पण लोक त्या कॅमेऱ्याचंच कौतुक करत बसले. मला त्यातलं वेगळंच काहीतरी दिसलं. एरवी पडद्यावरचं ऐकणं संकलक तयार करतो. एकाचं बोलणं आधी घेतात, दुसऱ्याचा ऐकतानाचा चेहरा नंतर वेगळा घेतात. कधी कधी समोर नटही नसतो, कोणीतरी सहायक कागदावरून वाक्यं वाचत असतो. आपल्या मालिकांत तर एका वाक्यावर घरातल्या नऊ माणसांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा तीन तीनदा झेप घेतो. ते ऐकणं नव्हे, हजेरी. इथे कात्रीच नाही म्हटल्यावर लपायला जागा उरत नाही. समोरचा बोलतोय आणि तू ऐकत नसशील, तर ते दिसणारच. आपले परीक्षक तिथे हवे होते.

स्टीफन ग्रॅहम जेमीचा बाप झालाय, नळदुरुस्तीची कामं करणारा आडव्या बांध्याचा माणूस. लेखनातही त्याचा वाटा आहे, जॅक थॉर्नच्या बरोबरीने. पहिल्या भागात पोलीस ठाण्यात मुलाची अंगझडती होते, कपडे उतरवून. मूल अल्पवयीन, म्हणून बापाला खोलीत हजर राहावं लागतं. कॅमेरा मुलाकडे वळतच नाही. पोलिसाचे शब्द कानावर येतात, आणि आपल्याला दिसतो तो फक्त बापाचा चेहरा. तो काही करत नाही. मान वळवायची की नाही, मुलाला आधार म्हणून बघत राहायचं की लाज राखावी म्हणून नजर काढून घ्यायची, एवढंच त्याच्या डोळ्यांत चाललेलं असतं. आणि भागाच्या शेवटी पोलीस एक चित्रफीत दाखवतात. ती बघितल्यावर पोरगं बापाच्या अंगाला हात लावायला जातं, आणि बाप मागे सरकतो. अगदी इतकासा. मग त्यालाच ते कळतं आणि तो पोराला मिठी मारतो. मंद्या, त्या मागे सरकण्याला मी तीनदा मागे नेऊन बघितलं. त्याच्या हाताला, खांद्याला ते आधी कळलंय, डोक्याला नंतर.

तिसरा भाग म्हणजे तर दोन माणसं आणि एक टेबल. आपल्या दोन पात्री एकांकिकांत जसं असायचं अगदी तसं. जेमी सुधारगृहात आहे आणि एक मानसशास्त्रज्ञ बाई, ब्रायनी, त्याला भेटायला येते. एरिन डॉहर्टीने केलीय. येताना त्याच्यासाठी हॉट चॉकलेट आणते आणि स्वतःच्या डब्यातलं अर्धं सँडविच देते, चीज आणि पिकल घातलेलं. हे पिकल म्हणजे आपलं लोणचं नव्हे, आंबटगोड काळपट काहीतरी असतं. तो म्हणतो आवडत नाही. आणि बोलता बोलता एक घास घेतो. मग तासभर ती विचारते, तो बोलतो. मध्येच हसतो, मध्येच लहान होतो, मध्येच असा काही उसळतो की बघणारा खुर्चीत मागे जातो. ती ऐकते. भीती वाटतेय आणि ती दिसू द्यायची नाहीये, हे ऐकता ऐकता. एकदा बाहेर जाते, कॉफीच्या यंत्रापाशी उभं राहून श्वास जागेवर आणते आणि पुन्हा तोच शांत चेहरा चढवून आत येते.

त्यातच तो मुलगा जांभई देतो. खरी जांभई. संहितेत नव्हती, पोरगं दमलेलं होतं. आणि डॉहर्टी तिथल्या तिथे हसून त्याला विचारते, तुला कंटाळा येतोय का माझा? मुलाच्या चेहऱ्यावर क्षणभर खरंखुरं ओशाळं हसू येतं, आणि प्रसंग चालू राहतो. आपल्या वेळी कुणी मध्येच जांभई दिली असती तर तू विंगेत नेऊन बडवला असतास त्याला. तिने ती पकडली, कारण ती ऐकत होती.

सगळ्यात शेवटी ती खोलीत एकटी उरते. टेबलावर ते उष्टं सँडविच. कागद आवरताना तिचा हात त्याच्याकडे जातो आणि चटका बसावा तसा मागे येतो. एक शब्द नाही. तासभर जे काही तिने ऐकून आत ठेवलं होतं ते त्या एका हातात उतरलं.

त्या पोराचं नाव ओवेन कूपर. पहिलंच काम. आणि चित्रीकरणही या तिसऱ्या भागापासून सुरू झालं होतं, म्हणजे त्याने आयुष्यात कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा जे केलं ते हे! सप्टेंबरमध्ये पंधराव्या वर्षी एमी, म्हणजे अमेरिकेतलं टीव्हीचं मोठं बक्षीस, घेतलं त्याने. सहायक अभिनेत्याच्या त्या विभागात त्याच्याइतक्या कोवळ्या वयाच्या कलाकाराला ते आधी मिळालं नव्हतं. ग्रॅहम आणि डॉहर्टीलाही मिळालं. तू बघशील तेव्हा मूळ इंग्रजीतच बघ, खाली अक्षरं लाव. त्यांचे ते उत्तरेकडचे हेल निम्मे डोक्यावरून जातात, पण हिंदी डब लावलंस तर मला फोन करू नकोस.

आता आपल्याकडचं. 'पाताल लोक'चा दुसरा सीझन गेल्या वर्षी जानेवारीत आला. दिग्दर्शन अविनाश अरुणचं, आपल्या 'किल्ला' सिनेमावाल्याचं. धुकं आणि ओल कशी पकडायची ते त्याच्याकडून शिकावं. यावेळी गोष्ट दिल्लीतून नागालँडला जाते. पण मी बघत होतो हाथीराम आणि अन्सारी या दोन पोलिसांना. पहिल्या सीझनमध्ये अन्सारी हाथीरामच्या हाताखालचा पोरगा होता. आता तो आयपीएस होऊन साहेब झालाय आणि हाथीराम अजून इन्स्पेक्टरच. ज्याला आपण वाट दाखवली त्याला सलाम ठोकायचा. जयदीप अहलावत हे कसं करतो बघ. सलाम कडक, पण ओठांच्या कोपऱ्यात अभिमान आणि अवघडलेपण दोन्ही. आपल्या ऑफिसात हाताखालचा पोरगा मॅनेजर होऊन आला तेव्हा 'अरे' म्हणायचं की 'अहो' या पेचात मी आठवडाभर त्याला हाकच मारली नव्हती, ते आठवलं.

आणि अन्सारी समलिंगी आहे हे हाथीरामला कळतं तेव्हाचं त्याचं ऐकणं. हरियाणवी वळणाचा, जुन्या चालीचा पोलीसवाला. त्याला काय बोलावं सुचत नाही, जे सुचतं ते भलतंच असतं, आणि तरी त्या पोरावरची माया कुठेही पातळ होत नाही. मोठं मन वगैरे दाखवणारं भाषण कुणी लिहिलं असतं तर मी टीव्ही बंद केला असता. अन्सारी झालेला इश्वाक सिंगसुद्धा तितकाच तोलामोलाचा. पुढचं सांगत नाही. रुमाल जवळ ठेव.

'खौफ' तुला झेपणार नाही, भुताचं आहे आणि तू अजून रात्री पाठीमागच्या पडवीत एकटा जात नाहीस. तरी गीतांजली कुलकर्णीसाठी दिवसाउजेडी बघ. 'गुल्लक'मध्ये हीच बाई शांती मिश्रा होऊन घरभर कटकट करत फिरते आणि आपल्याला आपलीच आई दिसते. इथेही आडनाव मिश्राच, पण ही दिल्लीची पोलीस शिपाई, मुलगा बेपत्ता झालेला. चालताना ती पाय उचलतच नाही, खाकी वर्दीच तिला पुढे नेतेय असं वाटतं. 'कोर्ट' सिनेमातली तिची सरकारी वकील आठव. त्याच माणसाने हे केलंय यावर विश्वास बसणार नाही. मालिका शेवटाकडे जरा पसरट झालीय, ती मात्र शेवटपर्यंत आवळलेली.

'ब्लॅक वॉरंट'मध्ये नवा जेलर झालेला जहान कपूर चांगला आहे. तिहार तुरुंगात कोकरू सोडल्यासारखा दिसतो, आणि तेच हवं होतं. 'दिल्ली क्राइम'च्या तिसऱ्या सीझनमध्ये शेफाली शहा नेहमीसारखीच उत्तम. पण 'नेहमीसारखीच' हा शब्द आला तिथेच माझं लक्ष जरा उडालं, खोटं कशाला बोलू.

'द पिट' ही अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या इमर्जन्सी वॉर्डाची गोष्ट. पंधरा भाग, प्रत्येक भाग म्हणजे एकाच पाळीचा एक तास. नोआ वायलीच्या डॉक्टरचं नाव सगळे घेतात आणि घ्यावंच. 'ईआर' या जुन्या मालिकेत इतकी वर्षं डॉक्टरच होता, पाचदा नामांकन होऊन हात हलवत परतला, आता एमी मिळालं. एका भागात मरणाऱ्या म्हाताऱ्या बापाजवळ बसलेल्या बहीणभावाला तो चार साधी वाक्यं देतो. माझं प्रेम आहे, आभार, मी माफ केलं, मला माफ करा. आणि बाजूला होतो. पण माझी आवडती त्यातली मुख्य नर्स, डॅना. कॅथरिन लानासाने केलीय. एका कानाला फोन, हातात कागद, दुसऱ्या कानाने अख्खा वॉर्ड ऐकते. माझी मावशी चाळीस वर्षं नर्स होती. तिला एक भाग दाखवला तर म्हणाली, "ही बाई खरी आहे. बघ, बोलताना रुग्णाकडे बघत नाही, सलाईनकडे बघते." ही पावती एमीपेक्षा मोठी.

आता हे शेवटचं, आणि यावर तू हसणार. 'ठरलं तर मग'.

डिसेंबर २०२२ पासून आमच्या घरी रात्रीचं जेवण त्या सुभेदारांच्या बरोबरीनेच होतं. आई ताट घेऊन समोर बसते, मी पाठमोरा बसून नाकं मुरडतो. पण त्यातल्या पूर्णाआजीसाठी मी वळून बघायचो. ज्योती चांदेकर. 'मी सिंधुताई सपकाळ'मधल्या वयस्कर सिंधुताई त्याच, तरुणपणची त्यांचीच मुलगी तेजस्विनी. रोजच्या मालिकेतल्या त्या गदारोळात, ती पार्श्वसंगीताची ढुमढुम चालू असताना, ही बाई सोफ्यावर बसून समोरचा काय बोलतोय ते खरंच ऐकायची. मधूनच पदर सारखा करायची, नातसुनेकडे बघून भुवई किंचित उचलायची. त्याला कोण बक्षीस देणार? पण आई म्हणायची, "या आजींना सगळं कळतंय हं." म्हणजे त्या पात्राला, की त्या बाईंना, ते आईला वेगळं करून सांगता आलं नसतं.

१६ ऑगस्टला त्या गेल्या. इथेच पुण्यात. आईला बातमी मी सांगितली. ती काही बोलली नाही, त्या रात्री टीव्ही लावला नाही, आणि आम्ही दोघं कितीतरी दिवसांनी समोरासमोर बसून जेवलो. काय बोलावं ते दोघांनाही सुचेना.

काही आठवडे मालिका पूर्णाआजींशिवाय चालली. मग त्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी आल्या. अरे, 'गांधी' सिनेमातल्या कस्तुरबांसाठी बाफ्ता, म्हणजे ब्रिटनचं मोठं सिनेमाचं बक्षीस, घेतलेली बाई! पण आईला बाफ्ताचं काय. 'चार दिवस सासूचे'पासून ओळख असूनही आईने त्यांना घरात घेतलं नाही. "बाई मोठी आहे, पण ही आपली आजी नव्हे." आणि हट्टंगडींनी, मला वाटतं, फार शहाणपणाने कुणाचीही नक्कल केली नाही. स्वतःच्या जड, ठाम आवाजात आपली आजी उभी केली आणि थांबल्या. मी आता त्यांच्यापेक्षा आईकडेच जास्त बघतो. परवा नातसून सायली काहीतरी रडून सांगत होती आणि हट्टंगडी नुसत्या ऐकत होत्या, बराच वेळ. आईचा घास हातातच राहिला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "पूर्णाआजींना आधीच कळलंय बघ."

तू फेब्रुवारीत येतोयस ना? आईने कोकमाचं आगळ आणायला सांगितलंय, दोन बाटल्या. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
नातू