मंत्रीसाहेब, मी नोकरी सोडली नाही, मला काढलं

मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री यांना,

सविनय नमस्कार.

मंगळवारी दुपारी शेजारणीच्या साडीला फॉल लावत बसले होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. सरकारच्या तक्रार पोर्टलचा मेसेज होता. नोकरी गेल्यावर मिळायच्या विम्याच्या पैशांबद्दलची माझी तक्रार ‘डिस्पोज्ड’ झाली म्हणे. आमच्या कंपनीत रिजेक्ट माल भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवला की रजिस्टरात हाच शब्द लिहायचे.

मुलीनं पोर्टल उघडून दिलं. उत्तर एका ओळीचं. नोंदीनुसार मी स्वेच्छेने नोकरी सोडली आहे, सबब दावा देय नाही. अहो, त्या नोंदीविरुद्धच तर माझी तक्रार होती! चोरी झाली म्हणून चौकीवर जावं आणि हवालदारानं चोरालाच विचारून ‘चोरी नाही’ असं लिहून द्यावं, त्यातली गत. सरकारी काम, सहा महिने थांब असं म्हणतात. माझे सहा महिने या सहा तारखेला भरले.

आपण दिल्लीत असता, म्हणून थोडक्यात सांगते. मी एका औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग तपासायच्या कामाला होते. अकरा वर्षं. हातात व्हर्नियर, समोर क्रेट, डोळ्यांवर ट्यूबलाइट. नोकरी ठेकेदाराकडची. त्याच्या फर्मची पाटी मधे दोनदा बदलली, माणूस तोच. जिल्ह्याचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, हुडकून काढायला सोपं जातं. शेवटचा पगार १६,४०० रुपये, आणि त्यातून दर महिन्याला ईएसआयसीचे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे, १२३ रुपये न चुकता कापले जायचे. पाऊण टक्का. २०१९ च्या जुलैआधी तर पावणेदोन टक्के कापायचे. कापण्यात कधी चूक झाली नाही साहेब, स्पेलिंगचीसुद्धा नाही.

गेल्या डिसेंबरच्या ६ तारखेला पहिली पाळी सुटताना सुपरवायझरनं गेटवर आम्हा अडतीस जणांना उभं केलं. लाइन दुसऱ्या राज्यात चालली, उद्यापासून येऊ नका. झालं. नोटीस नाही, चिठ्ठी नाही. डबे हातात तसेच. दोन दिवसांनी हिशेबाला बोलावलं तेव्हा तीन कागदांवर सह्या घेतल्या, त्यातला एक कोरा होता. कोऱ्या कागदावर सही कशी केलीत, असं आपल्या ईएसआयसीच्या खिडकीवरच्या साहेबांनी मला विचारलं. दहा दिवसांचा पगार अडकलेला असला की कशी करतात ते त्यांना कसं कळावं?

मग कुणीतरी सांगितलं, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, नोकरी गेली तर पैसे मिळतात. (आमच्या मराठीत त्याला विमाधारक म्हणतात. ‘बीमित’ म्हणजे काय हे सही करणाऱ्या बायकांपैकी एकीलाही माहीत नव्हतं.) योजना २०१८ च्या जुलैत प्रायोगिक म्हणून सुरू झाली आणि तेव्हापासून मुदतवाढीवर जगते आहे. म्हणजे योजनासुद्धा ठेक्यावर! करोनात रक्कम वाढवून सरासरी कमाईच्या निम्मी केली, तीही नव्वद दिवसांपुरती आणि आयुष्यात एकदाच. माझ्या बाजूच्या टेबलावरच्या एकीनं २०२० मध्ये घेतली होती, तर तिला आता दारच बंद. नोकरी आयुष्यात एकदाच जावी अशी सरकारची इच्छा दिसते. चांगली इच्छा आहे.

हिशेब असा, की मागच्या चार अंशदान काळांतली (हप्ते मोजायचे सहा-सहा महिने, म्हणजे दोन वर्षांतली) कमाई भागिले ७३०, त्याचे निम्मे, गुणिले ९०. पगार कापताना महिना सव्वीस दिवसांचा धरतात, देताना मात्र रविवार, दिवाळी, पंधरा ऑगस्ट सगळे मोजून ७३०. असू दे. माझे २४,२६३ रुपये होतात. अटीसुद्धा बसत होत्या. दोन वर्षांची नोकरी होती, आणि एप्रिल ते सप्टेंबरच्या काळात ७८ दिवस भरले पाहिजेत, ते कधीच भरले होते.

जानेवारीत अर्ज दिला, फेब्रुवारीत परत आला. ईएसआयसीच्या कार्डावर नवऱ्याचं नाव, आधारवर वडिलांचं. लग्न झालेल्या बाईचा हा जन्माचा घोळ आहे, त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल. शंभर-शंभराच्या चार फेऱ्या करून तो निस्तरला. एप्रिलमध्ये परत गेले, तर दावा बसत नाही म्हणाले. का? मॅडम, सिस्टिम घेत नाही. लेखी द्या म्हटलं, तर लेखी द्यायची पद्धत नाही.

मी हलले नाही. मागं रांग ओरडायला लागली तेव्हा त्या मुलानं (बरा होता बिचारा, माझ्या भाच्याच्या वयाचा) मॉनिटर अर्धा वळवला. एक तक्ता होता. माझा दहा आकडी नंबर, नाव, दिवस शून्य, पगार शून्य आणि शेवटच्या रकान्यात एक आकडा. २.

हा २ म्हणजे काय ते त्यानंच सांगितलं. ठेकेदार दर महिन्याला पैसे भरताना एक्सेलची शीट चढवतो. ज्याचे दिवस शून्य, त्याच्यापुढे कारणाचा आकडा टाकायचा. १ म्हणजे रजेवर, २ म्हणजे नोकरी सोडली, ३ म्हणजे निवृत्त, ५ म्हणजे मयत. आणि १० म्हणजे कामगार कपात. आम्हा अडतीस जणांपुढे १० यायला हवा होता, आला २. मी स्वतः सोडून गेले. अकरा वर्षांची नोकरी, मुलगी बारावीला, आणि मला हुक्की आली म्हणून सोडून गेले!

ही टायपिंगची चूक आहे असं वरचे साहेब म्हणाले. अडतीस वेळा? साहेब, मी जन्मभर चुका तपासल्या आहेत. एखादा पीस बिघडला तर तो अपघात. अख्खा लॉट एकाच बाजूला, एकाच मापानं गेला असेल तर मशिन तसं सेट केलेलं असतं.

आणि सेट का करणार नाही? १० लिहिलं की कायद्यानं दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई द्यावी लागते. माझे अकरा वर्षांचे एक लाख चार हजार होतात. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून आपण चार श्रमसंहिता लागू केल्या, त्यात कपात झालेल्या कामगाराला नवं कौशल्य शिकायला म्हणून मालकानं आणखी पंधरा दिवसांचा पगार भरायचा, तो पंचेचाळीस दिवसांत आमच्या खात्यात यायचा, असं लिहिलंय. ते ९,४६१. म्हणजे आपल्या २४ हजारांसकट एका आकड्यात माझे एक लाख सदतीस हजार गेले. अडतीस जणांचे किती? सगळ्यांची वर्षं सारखी नव्हती, तरी पंचवीस लाखांच्या खाली येत नाही. आणि हा आकडा टाकायचा अधिकार आपण कुणाला दिलाय? ज्याचे पंचवीस लाख वाचणार आहेत त्यालाच. २००५ सालची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना तर याहून मोठी. कपात झालेल्याला पहिलं वर्षभर निम्मा पगार, दुसऱ्या वर्षी पाव. तिचं नाव खिडकीवर कुणी काढलंसुद्धा नाही. आणि काढून तरी काय, २ आकडा तिथंही आडवा येणारच.

दुरुस्ती कशी करायची? ‘एम्प्लॉयरकडून करेक्शन आणा.’ हे वाक्य मी सहा महिन्यांत नऊ वेळा ऐकलंय. ठेकेदार फोन उचलत नाही. एकदा चुकून उचलला तर म्हणाला, ताई, राजीनामा आहे तुमचा माझ्याकडे. तो तिसरा कागद. मेच्या सुविधा समागमात, म्हणजे ईएसआयसीच्या तक्रार मेळाव्यात, मोठ्या साहेबांनी माझ्या अर्जावर लाल पेनानं ‘पंधरा दिवसांत तपासून कार्यवाही करावी’ असा शेरा मारला. मी त्या शेऱ्याचा फोटो काढून घरी नवऱ्याला दाखवला, त्या दिवशी आम्ही श्रीखंड आणलं. पंधराव्या दिवशी गेले, तर साहेबांची बदली झालेली आणि अर्ज ‘आवक’मध्ये सापडत नव्हता. कोर्टात जा म्हणाले. वकील आठ हजार म्हणाला. चोवीस हजारांसाठी आठ हजार, आणि तारखा किती ते तो सांगेना.

आता घरचं सांगू नये, पण सांगते. मंगळसूत्र फेब्रुवारीपासून पतसंस्थेत आहे, गळ्यात काळी पोत. सकाळी पोळीभाजी केंद्रात तीनशे पोळ्या लाटते, त्यामुळे उजवं मनगट रात्री उशीखाली ठेवावं लागतं. किराणावाल्यानं वही बंद केली नाही, पण आता तो मला बघून वही उघडतही नाही, आधी दुसऱ्या गिऱ्हाइकांना देतो. मुलीनं इंजिनिअरिंगचा विषयच काढला नाही, आयटीआयचा फॉर्म आणला आणि म्हणाली, मला तेच आवडतं. खोटं बोलताना तिची मान वाकडी होते, लहानपणापासून. नवरा टेम्पो चालवतो; तो म्हणतो, सोड तो नाद, तेवढ्या फेऱ्यांच्या खर्चात गॅस आला असता. ईएसआयच्या दवाखान्यातून माझ्या बीपीच्या गोळ्या अजून मिळतात, खोटं का बोलू? पण जूनअखेर तेही कार्ड संपतं. तेव्हा मात्र सिस्टिम बरोबर तारखेला घेईल.

माझी आई बहात्तरच्या दुष्काळात चौदाव्या वर्षी खडी फोडायला जायची. मुकादम चोर होता, हजेऱ्या खायचा. पण संध्याकाळी मस्टर समोर यायचं. खाडा दिसला की बाया मुकादमाला घेरायच्या, आईनं एकदा त्याच्या अंगावर पाटी फेकली होती. त्याच महाराष्ट्रानं पुढं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. आता मस्टर दिल्लीच्या सर्व्हरवर आहे, भरतो ठेकेदार, वाचतो क्लार्क, आणि जिची हजेरी तिला तो रकाना दिसतच नाही. पाटी फेकायची कुणावर? याला आपण डिजिटल म्हणता.

साडेतीन कोटींच्या आसपास विमाधारक आहेत म्हणतात. प्रत्येकाचे माझ्यासारखेच १२३ धरले तर महिन्याला चारशे तीस कोटी नुसते कामगारांच्या खिशातून. हिशेब कच्चा आहे, माझ्याकडे कॅल्क्युलेटर मोबाइलचा आहे. पण एवढ्या पैशात ‘तुमच्या ठेकेदाराने तुम्ही नोकरी सोडल्याचे कळवले आहे, मान्य आहे का?’ एवढा मेसेज पाठवता येत नाही? तक्रार भंगारात काढल्याचा मेसेज बरोबर येतो की! मला एवढंच पाहिजे. आकडा चढवला त्याच दिवशी तो मला कळावा. मी नाही म्हटलं तर राजीनामा खरा आहे हे ठेकेदारानं सिद्ध करावं, खोटा आहे हे मी नव्हे. आणि नाकारायचंच असेल तर कारण मराठीत लिहून, खाली नाव आणि सही करून नाकारा. भीक मागत नाही, विमा मागतेय, हप्ते भरलेत.

आमच्या राज्यात आमदारकी गेली की महिन्याला पन्नास हजार पेन्शन सुरू होते, एकच टर्म केली असली तरी. तिथं कुणी खिडकीवर विचारतं का, स्वतः सोडली की लोकांनी काढलं? त्यांच्यापुढे कुठला आकडा टाकतात हे मला एकदा बघायचंय. १६,४०० वाल्या बाईच्या नव्वद दिवसांसाठी तेरा रकाने, आणि तिकडं तहहयात, विनाअट. वर टीव्हीवर आम्हाला सांगायचं की रेवडी संस्कृती वाईट.

आमच्या तपासणीच्या टेबलावर लाल टॅग असायचे. पीस नाकारला की त्याला टॅग बांधायचा. त्यावर तीन रकाने: कारण, तारीख, तपासणाऱ्याची सही. कारण न लिहिता टॅग बांधला तर सुपरवायझर माझाच मेमो काढायचा, कारण ऑपरेटरला कळायला नको का की बिघडलं कुठं? तीन रुपयांच्या बुशच्या पीसला ही इज्जत होती.

या बुधवारी मी पुन्हा खिडकीवर जाणार आहे. सोबत पासबुकची, पगारपत्रकांची आणि लाल शेरा मारलेल्या अर्जाच्या फोटोची झेरॉक्स जोडली आहे. शेवटच्या पाळीला एप्रनच्या खिशात एक लाल टॅग राहून गेला होता, तोही जोडला आहे. त्यावर माझा इन्शुरन्स नंबर लिहिला आहे. कारण आणि सहीचे रकाने कोरे ठेवलेत. ते भरून पाठवावेत.

आपली,
नोंदीनुसार स्वेच्छेने बेकार झालेली एक विमाधारक