रविवारी मुलांसह केळकर संग्रहालय

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी साडेनऊला गेटपाशी जमायचं आहे. शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहायला जातोय. पहिली ते सातवीची मुलं, प्रत्येकासोबत घरातलं एक मोठं माणूस. एकट्या मुलाला नेणार नाही.

• नावं शुक्रवारी रात्रीपर्यंत इथेच टाका.
• बाजीराव रस्त्यावर गाडी लावायचे हाल असतात. बसनेच जाऊ.
• वही-पेन्सिल हवीच. प्रत्येकाने एक अडकित्ता, एक दिवा आणि एक वज्री शोधून चित्र काढायचं. वज्री म्हणजे काय, ते आधी आजीला विचारून या!
• तिकीट ज्याचं त्याने काढायचं.

संग्रहालयातला मस्तानी महाल शेवटी पाहू. नाहीतर मुलं तिथेच रेंगाळतात. (मोठीसुद्धा.)